प्रगतिपुस्तकातला उंचीचा रकाना

जून 2023 ते फेब्रुवारी 2024, असे नऊ महिने मी माझ्या लेकीला उंची वाढवायची पावडर दिली. रोज रात्री, कोमट दुधातून, दोन चमचे. महिन्याला एक डबा, डब्याला 1,250 रुपये. मी सांगलीत एका पतसंस्थेत काम करते, त्यामुळं घरखर्चही वहीत लिहायची सवय आहे. त्या वहीत पावडरच्या नऊ नोंदी आहेत आणि बेरीज 11,250 येते. पैसे गेले त्याचं दुःख आता निवलं. त्या नऊ महिन्यांत जे बघायचं राहून गेलं ते अजून टोचतं, म्हणून लिहायला बसले.

लेक तेव्हा सहावीत गेली होती. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उंचीनं उभं करतात, सगळ्यात बुटकी पोर पुढं, तिथं ती चौथीपासून पहिली. पाचवीत पहिली, सहावीतही पहिली. शेजारची पोर तिच्याहून दीड वर्षानं लहान, तिचे जुने फ्रॉक माझ्या लेकीला यायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. सासूबाई बोलून दाखवायच्या, "आमच्यात एवढं गिड्डं कुणी न्हाई बाई. ही कुणावर गेली?" मी पाच फूट एक इंच, लेकीचे वडील साडेपाच फूट. आम्ही काही उंचेपुरे नाही, पण गिड्डेही नाही. लग्नकार्यात बायका तिला "कितवीला गं तू, तिसरीला का?" असं विचारायच्या आणि ती माझ्या पदरामागं जायची. ते बघवत नव्हतं.

पावडरचा विषय घरात आणला पुतण्यानं. दिरांचा मुलगा, तासगाव तालुक्यातल्या गावाहून पोलीस भरतीच्या तयारीला आमच्याकडं राहायला आलेला, वीस वर्षांचा. पहाटे साडेचारला उठून मिरज रस्त्याला पळायला जायचा. 1600 मीटर त्याला वेळेत जमायचं, गोळा जमायचा, छाती 79 भरून वर पाच सेंटीमीटर फुगायची. अडत होतं उंचीवर. पुरुषांना 165 सेंटीमीटर लागते आणि त्याची भरायची 164. त्या एका सेंटीमीटरसाठी तो अकॅडमीतल्या पोरांनी सांगितलेल्या कॅप्सूल घ्यायचा, गच्चीवरच्या लोखंडी पाइपला लोंबकळायचा. "काकी, माझं वय होऊन गेलं. हिचं अजून वाढायचं वय आहे, हिला चालू करा," असं तो म्हणाला. त्यात त्याची मायाच होती.

औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चार वेगवेगळे डबे काढून समोर मांडले. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हे औषध थोडंच आहे वहिनी? साइड इफेक्ट काही नाही, बिनधास्त द्या." औषध नाही, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी फक्त बिनधास्त तेवढं ऐकलं.

डब्यावर एक फोन नंबर होता. त्यावर नोंदणी केली की दर महिन्याला एक बाई फोन करायच्या, स्वतःला डाएटिशियन म्हणवायच्या. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, मुलीला पाळी आली का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग वेळ फार थोडा आहे मॅम. पाळी आली की उंची थांबते. तीन महिन्यांचं पॅक एकदम घेऊन टाका." त्या वाक्यानं मला किती रात्री जागवलं, ते मीच जाणते. पुढं डॉक्टरांकडून कळलं की पाळी आल्यावर वाढ मंदावते, पण तिथल्या तिथं थांबत नाही. बहुतेक मुली त्यानंतरही दोनेक वर्षांत पाच-सात सेंटीमीटर वाढतात. अर्ध्या खऱ्यावर भीती घातली की माणूस विचार न करता पैसे काढतो. मी काढले.

मोजायची रीतही त्याच बाईंनी सांगितली. पहिली उंची मी सुरू केली त्या दिवशी संध्याकाळी, कामावरून आल्यावर मोजली होती. महिन्यानंतर त्या म्हणाल्या, "आता सकाळी उठल्या उठल्या मोजा." मोजली तर जवळपास एक सेंटीमीटर जास्त. मी आनंदानं घरभर सांगितलं. दिवसभर उभं राहून, बसून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर परत फुगतात, म्हणून कुणाचीही उंची सकाळी थोडी जास्त भरते. भरतीच्या पोरांना हे चांगलं माहीत असतं, मैदानावर जाताना ती गाडीत आडवी पडून जातात. पुतण्यालाही माहीत होतं. पण आपल्या घरात, आपल्या पोरीच्या बाबतीत, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

नऊ महिन्यांत ती दीड सेंटीमीटर वाढली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "बघा, फरक पडतोय." मीही तसंच समजले. या पावडरी कशावर विकल्या जातात, ते मला आता दिसतं. या वयाचं पोर आपसूक वाढतच असतं. निरोगी मूल वयात यायच्या आधी वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, वयात येताना मुली सात-आठ आणि मुलगे नऊ-दहापर्यंत. जाहिरातीतल्या कुठल्याही मुलाला वर्षभर काहीही पाजा, तेवढी वाढ होणारच, आणि तिचं श्रेय डब्याला जाणार. माझ्या पोरीची वाढ निम्मीसुद्धा नव्हती. तरी मी समाधानी होते, कारण नऊ महिन्यांत किती वाढायला पाहिजे, हेच मी कुणाला विचारलं नव्हतं.

याच काळात घरात आणखी काही गोष्टी घडत होत्या, आणि आम्ही त्या वेगवेगळ्या समजत होतो. सांगलीचा उन्हाळा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पावडर सुरू करायच्या आधीच्या उन्हाळ्यापासूनच पोरगी पंखा बंद करा म्हणायची आणि गोधडी घेऊन झोपायची. आम्हाला वाटायचं, लाडाची सवय. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही, तर भाजी खात नाही म्हणून तिलाच बोलणी बसायची. कातडी कोरडी, केस राठ, चेहरा थोडा सुजल्यासारखा. त्याला नातेवाईक बाळसं म्हणायचे. उंची वाढत नव्हती पण वजन वाढत होतं. शाळेतून तक्रार कधीच आली नाही, उलट बाई म्हणायच्या, फार शांत, गुणी मुलगी, अक्षर सुंदर. मार्कही चांगले. शांत मुलगी दमलेली असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

धागा सापडला तो दाताच्या डॉक्टरांकडं. फेब्रुवारीच्या शेवटी दाढ दुखायला लागली म्हणून तिला घेऊन गेले. त्यांनी तोंड बघितलं, वय विचारलं, परत बघितलं. म्हणाले, "पुढच्या महिन्यात बारा पूर्ण? मग दुधाचे दात अजून एवढे कसे? दाढ मी भरून देतो, पण हिची उंची आणि थायरॉईड कुणा बालरोगतज्ज्ञाला दाखवून घ्या. दात उशिरा पडतात तेव्हा कधी कधी सगळंच उशिरा चाललेलं असतं." दाढ भरायचे त्यांनी नेहमीचेच पैसे घेतले. त्या माणसाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

मिरजेला एक बालरोगतज्ज्ञ मॅडम मुलांच्या हॉर्मोनचं बघतात, असं कळलं. आमच्याकडं मोठं दुखणं आलं की मिरज गाठायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुतण्याही बरोबर आला, त्यालाही विचारायचं होतं. मी पिशवीत पावडरचा डबा घेतला होता. मॅडमनी आधी पोरीला भिंतीवरच्या उंचीमापकाला उभं केलं, अनवाणी, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ टेकवून, नजर समोर, वेणी सोडून. तीनदा मोजलं. 135.2. एका तक्त्यावर तिच्या वयासमोर ठिपका मांडला. तक्ता इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, 2015 चा, आपल्याकडच्या मुलांवरून केलेला. ठिपका सगळ्यात खालच्या रेषेला टेकला होता. मग आमच्या दोघांच्या उंचीची बेरीज केली, मुलगी म्हणून तेरा वजा केले आणि दोननं भागलं. 168 आणि 155, वजा 13, भागिले 2, म्हणजे 155. मुलगा असता तर तेरा मिळवायचे. मोठेपणी हिनं त्याच्या सात-आठ सेंटीमीटर इकडंतिकडं भरायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या.

पुढचा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. "आज किती आहे ते कळलं. पण दर वर्षी किती वाढत आली? जुनी नोंद आहे का कुठं?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "शाळेची प्रगतिपुस्तकं ठेवली असतील ना?"

ठेवली होती की. लोखंडी ट्रंकेत, पहिलीपासूनची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. प्रत्येकाच्या आतल्या पानावर उंची आणि वजन असे दोन रकाने, दोन्ही सत्रांचे, बाईंच्या अक्षरात भरलेले. सहा वर्षं मी त्यावर सह्या केल्या. गणितात किती, इंग्रजीत किती, शेरा काय, सगळं वाचलं. उंचीचा रकाना डोळ्यांखालून गेला, वाचला मात्र कधीच नाही. त्या रात्री ओट्यावर सगळी पुस्तकं मांडून बसले आणि दुसऱ्या सत्राचे आकडे उतरवून काढले. पहिली 117. दुसरी 122.5. तिसरीचा रकाना कोरा, कारण ते कोरोनाचं वर्ष, शाळाच भरली नाही. चौथी 130.5. पाचवी 133. सहावी 135. वजाबाकी केली. साडेपाच, मग दोन वर्षांत मिळून आठ, मग अडीच, मग दोन. ऑफिसात दुसऱ्याच्या खात्यात दहा रुपयांचा फरक मी सोडत नाही. ही वजाबाकी दोन वर्षं माझ्या ट्रंकेत पडून होती. त्या रात्री मी खूप रडले.

मॅडमनी डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला होता आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचं काम, गव्हाच्या न पचण्यानं होणाऱ्या आजाराची एक. ते सगळं चांगलं आलं तर मुलींमध्ये गुणसूत्रांचीही तपासणी करतात, असं म्हणाल्या. रक्त देण्याआधी पावडर बंद करायला लावली, कारण तिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं, आणि ते जास्त असलं की थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

हाताच्या त्या एक्स-रेवरून मला जे कळलं, ते प्रत्येक आईबापानं डबा घ्यायच्या आधी ऐकावं असं वाटतं. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. नवं हाड तिथंच तयार होतं आणि उंची तिथूनच वाढते. एक्स-रेत तो काळ्या रेघेसारखा दिसतो. वयात आलं की हॉर्मोनमुळं तो हळूहळू हाडाचाच होऊन बुजतो, मुलींचा साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान, मुलांचा सोळा ते अठराच्या. बुजला की संपलं. मग कॅल्शियम घ्या, अश्वगंधा घ्या नाहीतर पाइपला लोंबकळा, हाड लांब होत नाही. मॅडमकडं हातांच्या एक्स-रेंच्या चित्रांचं एक जाड पुस्तक होतं, ग्रूलिक आणि पाइल यांचं, 1959 च्या आवृत्तीचं, अजून तेच वापरतात. पोरीचा एक्स-रे त्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या चित्राशी जुळला. वय बारा, हाडं नऊची. मी घाबरले, तर त्या म्हणाल्या, "यात चांगली गोष्ट अशी, की वाढायला जागा शिल्लक आहे."

रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, साधारण पाचच्या आत असावा लागतो, हिचा शंभराच्या वर. थायरॉईड जवळजवळ थंडावलेलं. आयोडीनचं मीठ खातो तरी कसं, असं मी विचारलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, त्यात मिठाचा दोष नाही आणि तुमचाही नाही, असं त्यांनी समजावलं. मुलांमध्ये या आजाराची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते, उंची वाढायची मंदावते. म्हणजे पोरीचं शरीर दोन-अडीच वर्षं खूण करत होतं.

एक्स-रे आणि थायरॉईडची तपासणी मिळून पावडरच्या एका डब्याहून कमी पैशात झाल्या. थायरॉईडची गोळी सुरू झाली, तिला महिन्याला शंभर रुपयेही लागत नाहीत. पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढं अर्धा-पाऊण तास दूध नाही, चहा नाही. आणि कॅल्शियम किंवा लोहाचं काही असेल तर चार तासांचं अंतर, कारण त्यानं गोळी अंगी लागत नाही. पावडरच्या डब्यावर कॅल्शियम मोठ्या अक्षरात होतं. उपचार सुरू झाल्यावरही कुणी बिनधास्त म्हणालं म्हणून मी ती सकाळच्या दुधातून द्यायला लागले असते, तर खऱ्या औषधालाही तिनं आडकाठी केली असती.

डबा मी मॅडमसमोर ठेवला होता. त्यांनी मागची बाजू वाचून दाखवली. दुधाची भुकटी, साखर, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, जस्त, बायोटिन, एल-आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल. "मूल खरंच कुपोषित असेल, काही कमी असेल, तर ते भरून काढल्यावर वाढ सुधारते. पण काय कमी आहे ते तपासून द्यायचं. तुमच्या घरात दूध आहे, अंडी आहेत, शेंगदाणे, हरभरे, नाचणी आहे. यातलं प्रथिन वेगळं नाही." खाली बारीक इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

ते का छापतात, हे मला पतसंस्थेतल्या सहकारी बाईंच्या यजमानांनी सांगितलं, ते फार्मसिस्ट आहेत. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा. कुठल्या गोष्टींसाठी औषधाची जाहिरात करायची नाही, त्याची यादी त्याला जोडलेली आहे आणि माणसाची उंची त्या यादीत आहे. औषधांच्या 1945 च्या नियमांतल्या अनुसूची 'जे' (इंग्रजी J) नुसारही मुलांची वा मोठ्यांची उंची वाढवण्याचा दावा औषधाला करता येत नाही. म्हणून हे डबे अन्न म्हणून विकायचे आणि वर 'वाढीला साहाय्य' असे शब्द वापरायचे. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक बघून मी निश्चिंत झाले होते. तो अन्न बनवायचा परवाना आहे. उंची वाढते, असं तो क्रमांक कुठंही म्हणत नाही.

पुतण्याला मॅडम म्हणाल्या, दाढी फुटून चार वर्षं झालीत, एक्स-रेची गरज नाही. त्यानं तरी हट्टानं काढून घेतला. रेघ कुठंच नव्हती. तो फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. त्या पावसाळ्यात तरी तो मैदानावर गेला. पहाटेचा, आडवा पडून. मापाला 164.3 भरली आणि बाहेर पडायला सांगितलं. परत मोजायचा अर्ज केला, तेवढीच भरली. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. कॅप्सूलवर त्यानं वडिलांनी हळद विकून पाठवलेले पैसे घातले होते, ते त्याला जास्त लागलं. आता तो वनरक्षकाची तयारी करतोय. तिथं पुरुषांना 163 चालते.

पोरीचं सांगते. पहिला फरक सहा आठवड्यांत दिसला, तो उंचीत नव्हता. तिनं पंखा लावायला सांगितला. मग पोट सुधारलं, चेहऱ्याची सूज उतरली. आणि शांत, गुणी पोरगी भांडायला लागली, उलट बोलायला लागली, एका जागी बसेना. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की सुरुवातीला असं होतं. मला तर तिचा आवाज ऐकूनच भरून यायचं. वर्षभरात, मार्च 2025 पर्यंत, ती नऊ सेंटीमीटर वाढली. 144.2. गणवेश दोनदा घ्यावा लागला.

ती 155 ला पोचेल का, ते मॅडम अजून सांगत नाहीत. राहिलेली वाढ भरून निघते, पण सगळीच निघेल असं नाही, कारण उपचाराबरोबर वयात येणंही वेग घेतं आणि ती रेघ बुजायला लागते. जितकं लवकर सुरू करावं तितकं हाती जास्त लागतं. माझे नऊ महिने त्यातूनच गेले.

आता दर तीन महिन्यांनी मी तिला मोजते. शाळेतून आल्यावर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भिंतीला, डोक्यावर पाटी आडवी धरून. आकडा खर्चाच्याच वहीत लिहिते आणि शेजारी मागच्या आकड्याची वजाबाकी. आठवीचं वर्ष सुरू झालं तेव्हा 146.5 भरली होती. प्रार्थनेच्या रांगेत ती आता सहाव्या नंबरावर उभी राहते. पुढचा एक्स-रे दिवाळीच्या सुट्टीत आहे.